आलेख मुलांच्या हाताने भरू द्या

वाचकाचं पत्र

माझी जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, दोन्ही मिळून पट १९. गेल्या महिन्यात रात्र जागून थर्माकोलचा मोठा स्तंभालेख केला, ‘आमची आवडती फळं’. रंगीत पट्ट्या लावल्या, वर आकडे लिहिले. भेटीला आलेल्या साहेबांनी फोटोही काढला. मुलं मात्र एकदा पाहून गेली ती गेलीच. ‘सगळ्यात उंच कोणती पट्टी?’ विचारलं तर बोट दाखवतात, पण ‘बोर पेरूपेक्षा किती जास्त?’ म्हटलं की बोराचाच आकडा सांगतात. गावकऱ्यांनी वर्गणी करून टीव्ही दिला आहे, पण लाइनचा भरवसा नाही. मुलं स्वतः हाताळतील असं वर्गात काय लावावं? खर्च फार झेपणार नाही.
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या थर्माकोलच्या पट्ट्यांत मेहनत दिसते, आणि ती वाया गेली असं मानू नका. ती पाटी दिवाळीनंतर पुन्हा कामाला येईल, कशी ते पुढे सांगते. अडचण एवढीच की त्या आलेखातली प्रत्येक गोष्ट तुम्ही केलीत. बोराच्या पट्टीत आपण कुठे आहोत हे एकाही मुलाला दाखवता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला उंच पट्टी म्हणजे उंच पट्टी. ती आठ मुलांनी मिळून बनली आहे हे त्याने स्वतः बनताना पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या दोन इयत्तांसाठी एकच नियम धरा: एक मूल, एक कार्ड, एक चौकोन. आणि सगळ्या ओळी एकाच रेषेपासून सुरू.

भिंतीवर काही लावण्याआधी दोन दिवस जमिनीवर घालवा. वर्गात फरशी असेल तर चौकोन आयतेच मिळाले. नसेल तर अंगणात चुन्याने किंवा ओल्या खडूने ४० सेंटीमीटरचे चौकोन आखा, दोन ओळी, प्रत्येकीत बारा. आरंभाची आडवी रेघ चांगली जाड काढा. प्रश्न दोनच पर्यायांचा असावा: ‘बोर की पेरू?’ प्रत्येक मूल आपल्या ओळीत एका चौकोनात उभं राहील. इथे एक गोष्ट हमखास चुकते. ओळीत उभ्या असलेल्या मुलाला आलेख दिसतच नाही, त्याला पुढच्याचं डोकं दिसतं. म्हणून मुलांना हातातली पाटी आपल्या चौकोनात ठेवून बाहेर यायला सांगा आणि सगळ्यांना आरंभाच्या रेघेमागे बसवा. आता त्यांच्या समोर त्यांच्याच पाट्यांच्या दोन रांगा असतील. पाटीऐवजी चप्पल ठेवायची सूचना कोणी केली तर टाळा. कोणाच्या पायात नसते, कोणाची तुटलेली असते.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ, पण दोन्ही ओळींतली समोरासमोरची मुलं एकमेकांचा हात धरतील. ज्यांना जोडीदार मिळाला नाही ती मुलं एक पाऊल पुढे येतील. ‘किती जणांचा हात रिकामा राहिला?’ हा प्रश्न पहिलीचं मूल सहज सोडवतं, आणि तुमच्या ‘किती जास्त?’चं उत्तर हेच आहे.

यावर थोडं थांबू, कारण तुमच्या पत्रातली खरी गाठ इथे आहे. मुलं वजाबाकीत कच्ची आहेत म्हणून चुकत नाहीत. ‘बोर पेरूपेक्षा किती जास्त?’ या वाक्यातून त्यांच्या कानात ‘बोर किती?’ एवढंच शिरतं. टॉम हडसन या संशोधकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना पक्षी आणि अळ्यांची चित्रं दाखवली होती. ‘अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त आहेत?’ असं विचारलं तेव्हा बरीच मुलं अडली. त्याच चित्रावर ‘प्रत्येक पक्षी एकेक अळी घ्यायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ असं विचारलं तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. तेव्हा सुरुवात ‘कोणाला जोडीदार मिळाला नाही?’पासून करा. पंधरा दिवसांनी ‘पेरूला बोराएवढं व्हायला अजून किती कार्डं लागतील?’ असं विचारा. ‘किती जास्त’ हे शब्द त्यानंतर आणा, आणि आणताना तिन्ही प्रश्न एकापाठोपाठ विचारा, म्हणजे तिन्हींचं उत्तर एकच येतं हे मुलांना ऐकू येईल. तुमच्या वर्गात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुलं असतील तर जास्त, कमी, सारखे, अजून या शब्दांना त्यांच्या घरी काय म्हणतात ते त्यांनाच विचारा आणि तेही शब्द वर्गात वापरा. आलेख त्यांना समजलेला असतो, अडतो तो शब्द.

आता भिंतीवरची पाटी. सगळ्यात टिकाऊ आणि स्वस्त म्हणजे जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू. गावात वाढदिवसाचे, निवडणुकीचे बॅनर पडलेलेच असतात. सहा फूट लांब, तीन फूट रुंद तुकडा घ्या, म्हणजे साधारण १८३ सेंटीमीटर बाय ९१. टेबलावर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक आणून त्याच्या ७ सेंटीमीटर रुंद आणि १६० सेंटीमीटर लांब अशा चार पट्ट्या कापा. गावातल्या शिंप्याकडून या पट्ट्या फ्लेक्सवर आडव्या शिवून घ्यायच्या: खालची कड सलग, आणि मग दर ८ सेंटीमीटरवर एक उभी शिवण. वरची कड मोकळी. एका पट्टीत बरोबर २० खिसे होतात, सगळे एका मापाचे. टाका मोठा ठेवायला आवर्जून सांगा. बारीक टाका घातला की प्लास्टिकला भोकांची ओळ पडते आणि ते महिनाभरात तिथूनच फाटतं.

डावीकडे २० सेंटीमीटर जागा पर्यायांच्या चित्रासाठी सोडा. चित्र कायमचं चिकटवू नका, त्यालाही मोठा खिसा शिवा. जिथे चित्र संपतं आणि पहिला खिसा सुरू होतो तिथे वरपासून खालपर्यंत लाल मार्करने जाड उभी रेघ ओढा. ही आपली आरंभरेघ. वर १५ सेंटीमीटर जागा प्रश्नासाठी, चार ओळी प्रत्येकी १४ सेंटीमीटरच्या अंतराने, आणि खाली जी वीसेक सेंटीमीटर उरते ती मुलांच्या वाक्यासाठी. पहिलीचं मूल साधारण ११० ते ११५ सेंटीमीटर उंच असतं, म्हणून पाटीची वरची कड जमिनीपासून १२५ सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. आपल्या डोळ्यांना ही पाटी फार खाली वाटेल. वाटू द्या.

चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर कुठलाही टेप टिकत नाही, चुन्याची भुकटी घेऊन खाली येतो, आणि एप्रिलच्या उन्हात तर डिंकही सुटतो. त्यामुळे फ्लेक्सच्या वरच्या कडेला लाकडी पट्टी किंवा सरळ वेळूची काठी घालून दोन खिळ्यांवर सुतळीने टांगा.

खिशांऐवजी दोरी आणि कपड्याचे चिमटे अशी सोपी युक्तीही पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. तिच्यात एक खोट आहे. चिमटे दोरीवर सरकतात. सहा कार्डं सैल लावली की आठ घट्ट लावलेल्या कार्डांपेक्षा त्यांची ओळ लांब दिसते, आणि मुलं लांबी बघून उत्तर देतात. चिमटेच वापरायचे असतील तर दोरीला दर ८ सेंटीमीटरवर गाठ मारा. बाटलीच्या झाकणांचे मनोरे करायचे झाले तरी हीच अडचण. लग्नसराईत पोतंभर झाकणं मिळतात, पण वेगवेगळ्या कंपन्यांची झाकणं कमी-जास्त उंचीची असतात. एकाच कंपनीची वेगळी काढून घ्या, नाहीतर सात झाकणांचा मनोरा आठाच्या वर जातो.

नावाची कार्डं ७ सेंटीमीटर रुंद, ९ सेंटीमीटर उंच, जाड पुठ्ठ्याची. खिशाच्या वर दोनेक सेंटीमीटर कार्ड डोकावलं की चिमुकल्या बोटांना धरता येतं. कार्डावर मुलाचं नाव आणि त्याने स्वतः निवडलेली खूण: सूर्य, मासा, पतंग, काहीही. पहिलीला नाव वाचता येईपर्यंत खूणच कामाची. सगळी कार्डं एका रंगाची ठेवा. मुलींची गुलाबी आणि मुलांची निळी केलीत तर मुलं फळं सोडून तेच मोजत बसतात. चिकटवायला मैद्याची खळ वापरू नका, सुटीत उंदीर आणि झुरळं कार्डं कुरतडून ठेवतात.

पाटीच्या बाजूला एक कापडी पिशवी टांगा आणि तिच्यावर ‘आज आले नाहीत’ असं लिहा. हिचं महत्त्व वाटतं त्याहून जास्त आहे. सकाळी सगळी कार्डं टेबलावर असतात, जे आले नाहीत त्यांची या पिशवीत जातात. आलेख पूर्ण झाल्यावर पाटीवरची कार्डं मोजायची आणि हजेरीशी ताडायची. हजर १७ आणि कार्डं १८ निघाली तर कोणीतरी मैत्रिणीच्या वतीनेही कार्ड लावलं आहे. हा हिशेब रोज मुलांनीच करायचा. आकड्यांची पडताळणी म्हणजे काय ते याच वयात अंगी मुरतं.

एक तास कसा जाईल ते पाहू. सोमवार, परिपाठ संपलाय. पाटीवर प्रश्न आहे, ‘यातलं कोणतं फळ तुम्हाला जास्त आवडतं?’, आणि तीन चित्रं: बोर, पेरू, सीताफळ. चौथ्या ओळीत ‘यातलं कोणतंच नाही’. मुलांना थेट पाटीकडे सोडू नका. वर्गात एखादं मूल असतं ज्याच्या मागे बाकीची जातात. त्याने बोर निवडलं की सगळे बोरच निवडतील. आधी प्रत्येकाने हातातल्या पाटीवर आपल्या फळाचं चित्र काढायचं, मग ती पाटी उलटी ठेवायची, आणि मग चार-चार जणांनी उठून कार्ड लावायचं. हातातल्या पाटीवर काढलंय तेच लावायचं, बदलायचं नाही. पहिल्या आठवड्यात कोणीतरी विचारणारच, ‘मॅडम, माहं कार्ड कोठी लावू?’ उत्तर देऊ नका, लाल रेघेवर बोट ठेवा. मुलं मैत्रिणीच्या शेजारी कार्ड लावायला मधला खिसा रिकामा सोडतात, तेव्हाही तेच करा: रेघेपासून सुरू, खिसा न सोडता. समजा बोराला ८ आली, पेरूला ४, सीताफळाला ५, आणि शेवटची ओळ रिकामी. बेरीज १७, हजेरीही १७.

आता प्रश्न. गणितशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ साली आलेख वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या, आणि प्रश्न तयार करताना त्या फार उपयोगी पडतात. पहिली पायरी, जे दिसतं ते वाचणं: ‘सीताफळ किती जणांना आवडलं?’ दुसरी, दोन गोष्टी जोडून वाचणं: ‘बोराच्या किती कार्डांना पेरूचा जोडीदार मिळाला नाही?’ इथे पेरूच्या शेवटच्या कार्डाशी एक उभी पट्टी धरा. पट्टीच्या पलीकडे बोराची चार कार्डं राहतात. तिसरी पायरी, आलेखाच्या पुढे जाऊन विचार करणं, आणि ती बहुतेक वर्गांत राहूनच जाते: ‘आज दोघं आले नाहीत. ते उद्या आले आणि दोघांनीही पेरू निवडला, तर पेरू बोराच्या पुढे जाईल का?’ चारात दोन मिळवले की सहा होतात, आठाला गाठत नाहीत. दुसरीची मुलं यावर तावातावाने बोलतात. बोलू द्या, आणि मग पिशवीतली दोन कार्डं काढून लावून दाखवा.

शेवटच्या रिकाम्या ओळीबद्दल मुलं म्हणतील, ‘इथं कोणीच नाही, काढून टाका.’ काढू नका. तिथे शून्य कार्डं आहेत हीसुद्धा माहिती आहे, ती मोठ्याने म्हणायची.

खालच्या पट्टीवर दुसरीतलं एक मूल वाक्य लिहील: ‘आमच्या वर्गात बोर सगळ्यात जास्त मुलांना आवडतं.’ पहिलीने कार्डं लावायची आणि दुसरीने मोजून लिहायचं, असं ठेवलंत तर दोन्ही वर्ग एकाच पाटीवर काम करतात. ‘बोर जिंकलं’ असं वाक्य येऊ लागलं तर हळूच वळवा. जिंकण्याचा सूर लागला की मुलं आवड सोडून जिंकणारी बाजू निवडायला लागतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. रोज नवा प्रश्न नको, आठवड्यात दोन पुरेत. मधल्या दिवसांत कालच्याच पाटीवर नवे प्रश्न विचारा, त्यात जास्त कस लागतो.

प्रश्न निवडताना दोन गोष्टी पाहा. प्रत्येक मुलाचं उत्तर एकच आणि ठरलेलं असावं. ‘तुम्हाला कोणते प्राणी आवडतात?’ याला एका मुलाची पाच उत्तरं येतात आणि एक मूल-एक कार्ड मोडतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. घरात किती ढोरं, बाबा काय करतात, शेत किती, सकाळी काय खाऊन आलात, तान्ह्या पोळ्याला कोणाचा लाकडी नंदी केवढा, हे प्रश्न चुकूनही पाटीवर घेऊ नका. आलेख उघडा असतो, त्यात कोण कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. आपल्या भागात एखाद्या मुलाच्या घरी बाप नसेल, एखाद्याचा चार महिने बाहेरगावी मजुरीला गेला असेल. त्या मुलाचं कार्ड एका ओळीत एकटं लटकलेलं तुम्हाला आणि त्यालाही नको असणार.

निर्धास्त प्रश्न पुष्कळ आहेत: आज आकाश कसं आहे, तुमच्या नावात किती अक्षरं, जन्म पावसाळ्यातला की हिवाळ्यातला की उन्हाळ्यातला, लगोरी की विटीदांडू. नावातल्या अक्षरांचा प्रश्न मराठीत मोठा गमतीचा आहे, कारण जोडाक्षर एक धरायचं की दोन हे आधी ठरवावं लागतं. ‘अश्विनी’ तीन अक्षरी की चार? एक स्वर लागलेलं जोडाक्षर एकच अक्षर, म्हणून तीन. वर्गाने हा नियम ठरवून फळ्यावर लिहायचा आणि मगच मोजायला बसायचं. नियम न ठरवता मोजलं तर एकाच नावाची दोन कार्डं दोन ओळींत जातात.

डिसेंबर-जानेवारीत तूर भरली की यापुढचं पाऊल टाका, आणि ते दुसरीसाठी खास आहे. हिरव्या शेंगा स्वतः आणा किंवा पालकांकडून मागवा. मुलांना शेतात पाठवू नका, फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं. आणलेल्या शेंगा धुऊन घ्या. वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद जोडून त्यावर १० सेंटीमीटरचे चौकोन आखा, खाली २, ३, ४, ५ असे आकडे. प्रत्येक मुलाला एक शेंग. फोडायच्या आधी हातात धरून अंदाज सांगायचा, मग फोडून दाणे मोजायचे आणि टरफल आपल्या आकड्याच्या स्तंभात एका चौकोनात ठेवायचं. बहुतेक शेंगांत तीन ते पाच दाणे निघतात. लगेच वाद होईल: अळीने एक दाणा खाल्लाय तो मोजायचा का? पोचट राहिलेला मोजायचा का? हा वाद मुलांनाच मिटवू द्या. ‘जागा दिसते म्हणून मोजू’ किंवा ‘खाता येईल तोच मोजू’, दोन्ही नियम चालतात, फक्त सगळ्यांना एकच लागू हवा.

समजा दोन दाण्यांची १ शेंग निघाली, तिनाच्या ५, चाराच्या ९ आणि पाचाच्या २. आता विचारा, ‘सगळ्यात जास्त कशा शेंगा निघाल्या?’ अर्धा वर्ग ‘पाच!’ म्हणेल. पाच हा खाली लिहिलेल्यांतला मोठा आकडा, म्हणून. इथे आलेखात दोन प्रकारचे आकडे आहेत: खालचा शेंगेतले दाणे सांगतो, स्तंभाची उंची शेंगा सांगते. फळांच्या आलेखात हा घोळ होत नाही, कारण तिथे आकड्याच्या जागी चित्र असतं. म्हणून हा आलेख उशिरा घ्यायचा. दुरुस्ती बोटाने करा. खालच्या ४ वर बोट ठेवून एक टरफल उचला आणि विचारा, ‘या एका शेंगेत दाणे किती?’ मग स्तंभावरून बोट वर नेत विचारा, ‘अशा शेंगा किती?’ मुलांकडून पूर्ण वाक्य वदवून घ्या: ‘चार दाण्यांच्या शेंगा नऊ.’ नुसतं ‘नऊ’ किंवा ‘चार’ चालवून घेऊ नका. कागद गुंडाळायच्या आधी सोले, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, मुलांना खायला द्या, तेवढ्यासाठी मुलं वर्षभर हा आलेख लक्षात ठेवतात.

आडव्या ओळींवरून उभ्या स्तंभांवर जायला वेगळी पाटी करायची गरज नाही. तीच फ्लेक्स पाटी काढून जमिनीवर अंथरा आणि मुलांना चित्रांच्या बाजूला बसवा. जी ओळ होती ती आता त्यांच्यासमोर उभी वर जाते. चित्रं वेगळ्या खिशांत आहेत, ती फिरवून सरळ करून घ्या. ‘आलेख बदलला का?’ असं विचारा. काही मुलं हो म्हणतील. कार्डं पुन्हा मोजू द्या. यानंतर दुसरीच्या मुलांनी गणिताच्या चौकटीच्या वहीत एका कार्डासाठी एक चौकट रंगवायची. वहीत दोन स्तंभ वेगवेगळ्या ओळीपासून सुरू करणं ही नेहमीची चूक. म्हणून आधी पट्टीने खालची रेघ मारायला लावा. खिशांना आकडे सुरुवातीला लिहू नका, नाहीतर मुलं तुलना न करता नुसते आकडे वाचतील. महिन्याभराने आकड्यांची सुटी पट्टी लावा: लाल रेघेवर ०, आणि मग प्रत्येक खिसा जिथे संपतो त्या शिवणीवर १, २, ३. खिशाच्या मध्यावर आकडा लिहिला तर पुढे मोजपट्टी आणि अक्ष शिकवताना तुम्हालाच त्रास होईल.

इथे तुमची थर्माकोलची पाटी कामाला येते. मुलांना कार्डांची सवय झाली की तिच्या पट्ट्यांवर कार्डाच्या मापाच्या रेघा आखा आणि मुलांना विचारा, ‘या पट्टीत किती जण लपलेत?’ एक चित्र म्हणजे पाच मुलं, असं प्रमाण असलेला चित्रालेख मात्र पहिली-दुसरीत आणू नका. एका चित्राला एकच वस्तू हे पक्कं व्हायच्या आत पाचाचं चित्र आलं की मुलं चित्रंच मोजतात. ते काम तिसरीनंतरचं. चित्रांचा आलेख केलात तर सगळी चित्रं एका मापाची हवीत. तीन मोठे बैल सहा छोट्या शेळ्यांपेक्षा जास्त जागा घेतात आणि मुलांना तेच जास्त वाटतात.

वर्षभर हळूहळू वाढणारा एखादा आलेख असू द्या. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीला उघडते, पाऊसही तेव्हाच धरतो. एका कोपऱ्यात पाऊस, ढग, ऊन अशा तीन ओळी करा आणि शाळेच्या प्रत्येक दिवसाला ठरलेल्या वेळी, समजा मधल्या सुटीत, एक कार्ड. वेळ ठरवली नाही तर सकाळी ऊन आणि दुपारी पाऊस अशा दिवशी भांडण होतं. महिना संपला की पाटी उतरवून घ्या, पुढच्या महिन्याची नवी लावा आणि जुलैशेजारी ऑगस्ट ठेवा. दुसरा आलेख रोपाचा: करवंटीत मूग पेरा, उगवल्यावर दर दोन दिवसांनी रोपाच्या उंचीएवढी कागदी पट्टी कापून एकाच रेघेवर शेजारी शेजारी चिकटवा. मोजपट्टी न शिकलेल्या मुलालाही वाढ दिसते. पट्टी मातीपासून मोजायची, करवंटीच्या काठापासून नाही, आणि रोज त्याच मुलाने मोजू नये.

टीव्हीबद्दल थोडक्यात. तो शेवटी येऊ द्या. स्क्रीनवर बोट लावलं की पट्टी आपोआप उंच होते, म्हणजे नेमकं जे मुलाने करायचं ते यंत्र करून टाकतं. टीव्हीचा चांगला उपयोग असा: पाटीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा आणि लाइन असेल तेव्हा मागच्या महिन्याचा आणि आजचा आलेख शेजारी दाखवा. संगणकावर स्तंभ काढलेत तर आकड्यांचा अक्ष शून्यापासून सुरू आहे का ते बघा. आकडे एकमेकांच्या जवळ असले की काही प्रोग्रॅम अक्ष मधूनच सुरू करतात, मग १८ आणि २० यांच्यात दुपटीचा फरक दिसतो. तुमच्या लाल रेघेवर शिकलेली मुलं कदाचित स्वतःच विचारतील की शून्य कुठे गेलं.

मुलांना किती आलं हे पाहायला चाचणी नको. महिन्यातून एकदा चार मुलांना एकेक करून अपूर्ण पाटीसमोर उभं करा. एका ओळीत मुद्दाम खिसा सोडलेला, एक कार्ड रेघेपासून लांब, आणि हजेरीपेक्षा एक कार्ड कमी. ‘इथे काही चुकलंय का?’ एवढंच विचारा आणि थांबा. तिन्ही चुका सापडल्या तर आलेख कळला. खिसा सापडला पण हजेरीची बेरीज सापडली नाही, तर पुढचे दोन आठवडे मोजून ताडायचं काम त्याच मुलाकडे द्या.

एप्रिलच्या शेवटी पाटी उतरवताना तिची घडी घालू नका, घडीवर प्लास्टिकचे खिसे तडकतात. खिसे बाहेरच्या बाजूला ठेवून वेळूच्या काठीवर गुंडाळा, कपाटाच्या वर आडवी ठेवा, आणि दुसरीतून वर जाणाऱ्यांची कार्डं त्यांना घरी न्यायला द्या.